सिम्युलेशन आणि गेमवर मुलं खरंच विज्ञान शिकतात का? (नववी, धाराविद्युत)

घंटा_झाली

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलाय जरा, सांभाळून घ्या. मी तालुक्याच्या गावात एका अनुदानित हायस्कूलला आठवी ते दहावी विज्ञान शिकवते. मराठी माध्यम, स्टेट बोर्ड. शाळेला माजी विद्यार्थ्यांनी कॉम्प्युटर दिलेत, त्यातले दहाएक चालू आहेत, प्रोजेक्टर आहे, नेट मात्र असून नसल्यासारखं आणि दुपारी लाइट जाते ते वेगळंच.

तर नववीला धाराविद्युत शिकवताना मी फेटचं (PhET, विज्ञानाची सिम्युलेशन्स असलेली साइट) परिपथ जोडायचं सिम्युलेशन मुलांसमोर ठेवलं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, स्क्रीनच्या कडेला बॅटरी, बल्ब, तारा, रोध, कळ सगळं ठेवलेलं असतं, माउसनं ओढून आणायचं आणि टोकाला टोक जोडायचं, परिपथ पूर्ण झाला की बल्ब लागतो आणि तारेतून निळे इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. मुलं इतकी रमली की तास संपला तरी उठेनात. बॅटरीची दोन्ही टोकं एका साध्या तारेनं जोडली की स्क्रीनवर जाळ दिसतो, हे एका गटाला सापडलं आणि बघता बघता सगळ्या मशीनवर बॅटऱ्या पेटल्या. नाणं, पेन्सिल, खोडरबर, अगदी कुत्रासुद्धा परिपथात जोडायची सोय आहे त्यात, त्यामुळे हशाही भरपूर झाला.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, दोन सारखे बल्ब एकसर (एकापाठोपाठ एक) जोडलेत, बॅटरीजवळच्या पहिल्यातून जास्त धारा जाते की दुसऱ्यातून? निम्म्याहून जास्त हात पहिल्या बल्बसाठी वर. का, तर "पहिला थोडी वापरतो ना मॅडम, उरलेली पुढं जाते." आणि आदल्याच दिवशी ह्याच मुलांच्या डोळ्यांसमोर इलेक्ट्रॉन सगळीकडे एकाच वेगानं सरकत होते!

मुख्याध्यापक म्हणतात तास गेममध्ये घालवू नका, पोर्शन राहील. पालकसभेत एक बाबा म्हणाले घरी मोबाइल आणि शाळेत पण गेमच का. मला मनापासून वाटतं की ह्यात काहीतरी आहे, जी मुलं एरवी तोंड उघडत नाहीत ती त्या दिवशी एकमेकांना समजावत होती. पण मग डोक्यात शिरलं का नाही? तुमच्यापैकी कोणी हे नेमानं वापरतं का, तासाला कसं बसवता, आणि खरे प्रयोग ठेवायचे की सोडायचे? फिजिक्सच्या बाहेरचे अनुभव असले तरी चालतील.

ओहमचा_नियम

मॅडम, फार चांगला विषय काढलात. मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो आणि सांगतो, तुमची मुलं जे म्हणाली तेच अकरावीची मुलं म्हणतात, दहावीला भरभरून मार्क घेऊन आलेलीसुद्धा. धारा बल्बमध्ये खर्च होते ही समजूत जगभरच्या वर्गांत सापडते आणि ती फार चिवट आहे, नुसतं दाखवून जात नाही. खर्च होते ती ऊर्जा, प्रभार जेवढा गेला तेवढाच परत येतो, पण हा फरक वाक्यात सांगितला तर मुलं वहीत उतरवून घेतात आणि मनात जुनंच ठेवतात.

आता समोर दिसत असून कसं दिसलं नाही, तर त्यांनी तिकडे बघितलंच नाही. बल्ब लागला का, जाळ झाला का, एवढंच मूल बघत असतं. इलेक्ट्रॉनकडे बघायला त्याच्याकडे काही प्रश्न असावा लागतो, आणि तो प्रश्न माउस हातात यायच्या आधी यावा लागतो. मी काय करतो सांगतो. पहिली दहा मिनिटं काहीच सांगत नाही, पेटवा बॅटऱ्या, जोडा कुत्रा. हे टाळू नका, ती हौस भागल्याशिवाय पुढचं काही होत नाही. मग हात बाजूला, आणि फळ्यावर एक परिपथ काढतो, एक बॅटरी, एकसर दोन बल्ब, तारेवर तीन ठिकाणी खुणा, अ ब क. प्रत्येकानं वहीत लिहायचं तिन्ही ठिकाणी अमीटर काय दाखवेल, कुठे जास्त कुठे कमी, आणि का. पेननं लिहायचं, नाहीतर नंतर खोडून बरोबर उत्तर घालतात. शेजाऱ्याशी वाद घालायला दोन मिनिटं. मगच माउस.

त्यात बॅटरी ९ व्होल्ट आणि बल्ब १० ओहमचा आधीपासून सेट असतो. एकच बल्ब लावला की ०.९ अँपिअर. एकसर दोन लावले की ०.४५, आणि अ ब क तिन्हीकडे ०.४५. ज्यानं "पहिल्यात जास्त" लिहिलेलं असतं ते मूल अमीटर पुढेमागे सरकवून सरकवून बघतं, त्याला ते पटतच नाही. शिकणं तिथे सुरू होतं, मी त्या वेळी मधे बोलत नाही. मग समांतर, प्रत्येक बल्बमध्ये ०.९ आणि बॅटरीजवळ १.८. मग विचारायचं एकसर जोडणीत प्रकाश निम्मा झाला का, तर नाही, धारा निम्मी झाल्यावर प्रत्येक बल्बची शक्ती चौथाई होते, ८.१ वॉटवरून साधारण २ वॉट. हे गणित आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर करत आलो पण मंद बल्ब समोर असताना मुलं स्वतःहून विचारतात की सर इतका कसा मंद.

मुख्याध्यापकांना सांगायला एक गोष्ट देतो. फेट हा कोलोरॅडो विद्यापीठाचा उपक्रम आहे, बोल्डरचा, २००२ मध्ये कार्ल वीमन ह्यांनी सुरू केलेला, आदल्याच वर्षी म्हणजे २००१ मध्ये त्यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं होतं. आणि ह्याच परिपथाच्या सिम्युलेशनवर तिथे अभ्यास झाला, २००५ मध्ये छापून आला. काही विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत खऱ्या तारा बल्ब वापरले, काहींनी फक्त सिम्युलेशन. नंतर सगळ्यांना खरा परिपथ जोडायला दिला तर सिम्युलेशनवाल्यांनी तो जास्त पटकन जोडला आणि का चालतो तेही जास्त नीट सांगितलं, संकल्पनेच्या प्रश्नांतही तेच पुढे. पण तिथे ही मुलं नेमून दिलेलं काम करत होती, मोकळी सोडलेली नव्हती, हेही सरांना सांगा.

वाटाण्याच्या_अक्षता

वाचतोय. माझी बहीण पण झेडपीला आहे, तिला लिंक पाठवली.

प्रयोगवही

ओहमसरांच्या पद्धतीशी शंभर टक्के सहमत. तरी मॅडम तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर एकदम ठाम आहे, खरे प्रयोग सोडू नका. मी माझी सगळी नोकरी शाळेच्या प्रयोगशाळेत काढली. सिम्युलेशनमध्ये तार जोडली म्हणजे जोडली. खऱ्या तारेचं वरचं इनॅमल खरवडायचं राहिलं तर बल्ब लागत नाही, क्रोकोडाइल क्लिप गंजलेली असते, होल्डरच्या तळाची पत्री दबलेली असते, सेल उतरलेला असतो. मूल तिथे अर्धा तास शोधतं आणि बल्ब लागतो तेव्हा जे शिकलेलं असतं ते कुठल्याच स्क्रीनवर नाही. शिवाय खरा अमीटर कधी एकदम ०.४५ दाखवत नाही, काटा दोन रेघांच्या मधे थांबतो, तिथे लघुतम माप म्हणजे काय ते कळतं.

दुसरं एक. स्क्रीनवरचे निळे गोळे ही एक कल्पना आहे हे मुलांना सांगितलंच पाहिजे. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर धारा जाते तेव्हा इलेक्ट्रॉन सेकंदाला साधारण ०.०७ मिलिमीटर एवढेच पुढे सरकतात. गोगलगाय बरी. मग बटण दाबल्याबरोबर दिवा का लागतो, तर तारेत इलेक्ट्रॉन आधीपासून ठासून भरलेलेच असतात आणि सगळीकडचे जवळजवळ एकदमच हलायला लागतात, बटणापासून दिव्यापर्यंत कोणी धावत जात नाही. हा प्रश्न मी नववीला हमखास विचारायचो आणि त्यावर अख्खा तास रंगायचा. सिम्युलेशननंतर विचारला तर आणखी रंगेल कारण गोळे डोळ्यांसमोर असतील.

सामान काही फार लागत नाही. टॉर्चचे बल्ब, दीड व्होल्टचे सेल, सेल ठेवायचा डबा आणि थोडी तार, रेडिओ टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे नाहीतर तालुक्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सगळं मिळतं. मुलांना घरून बंद पडलेल्या टॉर्च आणायला सांगा, बऱ्याच येतील. घरच्या प्लगाला मात्र हात लावायचा नाही हे आधी दहा वेळा सांगा, कारण स्क्रीनवर शॉर्ट करून जाळ बघितलेल्या मुलाला तसंच घरी करून बघावंसं वाटतं. ह्या एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते.

खारा_वारा

मॅडम मी शिक्षक नाही, मर्चंट नेव्हीत आहे, मूळ दापोलीकडचा. पण आमचं निम्मं शिक्षण सिम्युलेटरवर होतं म्हणून लिहितो. जहाजावर अधिकारी व्हायचं तर एसटीसीडब्ल्यू नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे १९७८ चा, त्यात १९९५ ला मोठी दुरुस्ती झाली तेव्हापासून रडार आणि आर्पाचं (रडारवर दिसणाऱ्या जहाजांचा मार्ग आपोआप आखणारं यंत्र) प्रशिक्षण सिम्युलेटरवरच घ्यावं लागतं. खऱ्या जहाजावर धुक्यात टक्कर होऊ देऊन शिकवता येत नाही, सरळ आहे.

तिथलं एक दृश्य सांगतो. खोली म्हणजे हुबेहूब जहाजाचा ब्रिज, जिथून जहाज चालवतात तो, समोर मोठ्या स्क्रीनवर समुद्र, पायाखाली हलतंय असं वाटायला लागतं. धुकं लावलेलं, काही दिसत नाही, फक्त रडार. उजव्या बाजूनं पुढून एक जहाज येतंय. आमच्या बॅचमधल्या एकानं कोर्स म्हणजे जहाजाची दिशा बदलली पाच अंश, मग थोडं थांबून आणखी पाच, मग आणखी पाच. समोरच्या जहाजाला त्याच्या रडारवर हे कळतच नाही की हा वळतोय. नियमात स्पष्ट लिहिलंय की वळण मोठं असावं, समोरच्याला पटकन कळेल असं, थोडं थोडं वळत राहू नये. नियम पाठ होता पोराला, परीक्षेत लिहिला असता. आणि तरी हात पाच पाच अंशांवरच जात होता. शेजारच्या खोलीतून इन्स्ट्रक्टर सगळं बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. टक्कर झाली.

पुढे जे झालं ते मुद्द्याचं. सगळे वर्गात बसलो, आख्खा प्रवास परत स्क्रीनवर लावला, पण ह्या वेळी समोरच्या जहाजाच्या रडारवर काय दिसत होतं ते. तिथे आमचं जहाज सरळच येताना दिसत होतं! इन्स्ट्रक्टर मधेच थांबवायचे आणि विचारायचे, ह्या मिनिटाला तुला काय काय माहीत होतं, आणि त्यावरून तू काय ठरवलंस. रागावणं नाही, टोमणा नाही. सिम्युलेटरवरचा वेळ कमी आणि ह्या चर्चेचा वेळ जास्त असतो आमच्याकडे, जुने कॅप्टन म्हणतात की चर्चा नसेल तर सिम्युलेटर बंद ठेवा. तुमच्याकडे प्रोजेक्टर आहे ना, मग तास संपायच्या आधी पंधरा मिनिटं मशीन बंद करा आणि एका गटाचा परिपथ प्रोजेक्टरवर लावून त्यांना बोलू द्या, काय लिहिलं होतं, काय झालं, आता काय वाटतं. माझ्या मते दुसऱ्या दिवशी हात चुकीचे वर गेले कारण हा भाग झालाच नव्हता.

निशिगंध

मी पालक म्हणून लिहिते. धाकट्याला तिसरीत पाढ्यांसाठी एक ॲप पैसे भरून घेतलं होतं, नाव सांगत नाही. गणित सोडवलं की गाडी थोडी पळवायला मिळते. उत्तराचे चार पर्याय, चुकलं तरी दुसऱ्यांदा दाबता येतं, त्यामुळे हा न वाचता चारही दाबायचा आणि गाडीकडे पोचायचा. गणित म्हणजे गाडीच्या वाटेतला टोलनाका. अशा गोष्टींनी शिक्षण होतं ह्यावर माझा अजिबात विश्वास नाही आणि दुर्दैवानं बाजारात बहुतेक असंच आहे.

ह्याच्या उलट मोठीकडे ड्रॅगनबॉक्स होता, नॉर्वेमधून आलेला बीजगणिताचा खेळ. स्क्रीनचे दोन भाग, दोन्हीकडे चित्रांची पत्ती, एक पेटी असते ती एका बाजूला एकटी राहिली पाहिजे. एका बाजूला एखादं पान टाकलं की दुसऱ्या बाजूलाही तेच टाकावं लागतं, त्याशिवाय खेळ पुढे जातच नाही. हळूहळू चित्रांच्या जागी अक्षरं आणि आकडे येतात, पेटीच्या जागी क्ष. म्हणजे समीकरण सोडवणं हाच खेळ आहे, गणित काढून घेतलं तर काही उरत नाही. मी आता कुठलंही ॲप घेताना हेच बघते, ह्यातला धडा काढून टाकला तर खेळ तसाच चालू राहील का. राहणार असेल तर नको.

पण एक सांगते, पोरगी तिथे भराभर सोडवायची आणि वहीत समीकरण दिलं की गप्प. दोन्ही एकच आहे हे तिच्या लक्षात येत नव्हतं. मग रोज खेळताना तिला म्हटलं तू जी चाल करतेस ती वहीत एका ओळीत लिही, पुढची चाल पुढच्या ओळीत. थोड्या दिवसांनी तिचीच ती ओरडली की आई हे तर सरांचंच आहे. तेव्हा मॅडम, स्क्रीनवरून वहीत आणणं हे वेगळं काम आहे, ते आपोआप होईल असं धरून चालू नका.

कक्षेतला_बाबा

निशिगंध ताईंचा प्रश्न एकदम आवडला, धडा काढला तर खेळ उरतो का. त्या कसोटीला शंभर टक्के उतरणारा गेम म्हणजे कर्बल स्पेस प्रोग्राम. मेक्सिकोच्या एका कंपनीनं केलेला, २०११ पासून लोकांच्या हातात आला आणि पूर्ण आवृत्ती २०१५ ची. रॉकेट स्वतः जोडायचं, उडवायचं, कक्षेत न्यायचं, चंद्रावर उतरवायचं. मुलगा आठवीत असताना लागला त्याला, आणि मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसायचो.

दोन यानं जोडायची असतात एका टप्प्यावर. पुढचं यान त्याच कक्षेत थोडं पुढे आहे, हा मागे. साहजिकच त्यानं त्याच्या दिशेनं इंजिन चालू केलं. आणि पुढचं यान लांब जायला लागलं! परत जोर दिला, आणखी लांब. वैतागला. मी काही बोललो नाही (खरं तर खारा_वारा म्हणतात त्या इन्स्ट्रक्टरसारखाच बसलो होतो). मग त्यानं नकाशा उघडला आणि बघत बसला की जोर दिल्यावर आपली कक्षा वर जातेय, मोठी होतेय, आणि मोठ्या कक्षेत फेरीला वेळ जास्त लागतोय. म्हणजे पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत जायला पाहिजे! हे केप्लरचे ग्रहांच्या कक्षांचे नियम आहेत, दहावीच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात, पण ते वाचून कोणाला कधी असा वैताग आला असेल का.

पुढे चांद्रयान ३ गेलं १४ जुलै २०२३ ला. बातम्यांत रोज दाखवायचे की कक्षा वाढवली, आज परत वाढवली, आणि घरात सगळे विचारत होते की सरळ का नाही जात, अपोलो तर तीन चार दिवसांत पोचलं होतं चंद्राच्या कक्षेत. पोरानं आजीला समजावलं, पृथ्वीच्या सगळ्यात जवळ असताना वेग सगळ्यात जास्त असतो, तिथे इंजिन चालवलं की तेवढ्याच इंधनात ऊर्जा जास्त वाढते आणि कक्षेची समोरची बाजू लांब जाते, असं दर वेळी थोडं थोडं करायचं, मग मोठं रॉकेट लागत नाही. आजीनं विचारलं मग चाळीस दिवस माणसं कशी राहतील आत, तर म्हणाला म्हणूनच माणसं नाहीत.

आता मर्यादा. त्यातला पृथ्वीसारखा ग्रह फक्त ६०० किलोमीटर त्रिज्येचा आहे, आपली पृथ्वी ६३७१, त्यामुळे तिथे सेकंदाला सव्वादोन अडीच किलोमीटर वेगात कक्षा मिळते, इथे जवळजवळ ८ लागतो. खेळणाऱ्याला वाटतं रॉकेट सोपं आहे. आणि गेम एका वेळी एकाच गोलाचं गुरुत्वाकर्षण मोजतो. म्हणून सूर्याचा अभ्यास करणारं आपलं आदित्य एल१ यान जिथे जाऊन बसलं, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, तसली जागा मूळ गेममध्ये अस्तित्वातच नाही, कारण ती सूर्य आणि पृथ्वी दोघांच्या ओढीतून तयार होते. मुलानं ते यान तिथे नेऊन दाखवायचं ठरवलं आणि जमेना, तेव्हा का जमेना ह्यावर आमचं बोलणं झालं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कुठल्याही सिम्युलेशनमध्ये काय घेतलंय आणि काय सोडलंय हे मुलाला विचारता आलं पाहिजे.

शाळेत हा गेम नको, तासन्‌तास जातात आणि मशीन पण चांगलं लागतं. त्यापेक्षा फेटचंच गुरुत्वाकर्षण आणि कक्षांचं एक आहे, त्यात गुरुत्वाकर्षण बंद करायचं बटण आहे. आधी विचारा की बंद केलं तर पृथ्वी कुठल्या दिशेनं जाईल. बरीच मुलं सांगतात सूर्यापासून सरळ लांब. मग दाबा, आणि ती स्पर्शिकेच्या दिशेनं निघून जाते ते बघा.

झाडाखालची_शाळा

एक छोटी भर. मुख्याध्यापकांना परदेशी उदाहरण नको असेल तर आपल्याकडचंच सांगा. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या क्लिक्स उपक्रमात राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम, तेलंगणातल्या सरकारी हायस्कूलांत कॉम्प्युटर लॅबमध्येच गणित विज्ञान शिकवलं गेलं, त्यात चौकोनांचे गुणधर्म ओळखायचा पोलीस क्वाड नावाचा खेळ होता. ह्या उपक्रमाला युनेस्कोचा २०१७ चा पुरस्कार मिळालाय. आणि प्रयोगांसाठी ओलॅब्स ही ऑनलाइन प्रयोगशाळा बघा, अमृता विद्यापीठ आणि सी-डॅक मुंबईनं मिळून केलंय, मराठीत पण आहे, त्यातले प्रयोग शाळेच्या अभ्यासक्रमाला धरून असल्यामुळे "पोर्शन" वाल्यांना पटतं.

घंटा_झाली

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. करून बघितलं आणि मग लिहायला आले.

नववीच्याच दुसऱ्या तुकडीवर ओहमसरांसारखं केलं. आधी मोकळं सोडलं, मग अ ब क, पेननं अंदाज, मग माउस. वर्गात इतका वाद ह्याआधी मी ऐकला नव्हता. एक मुलगी आहे, एरवी शेवटच्या बाकावर, उत्तर येत असलं तरी देत नाही. तिच्या गटात दोन मुलं अडून बसली होती की अमीटर बिघडलाय, तिन्हीकडे सारखं कसं दाखवेल. तर हिनं स्क्रीनवर बल्बच्या अलीकडे एक बोट ठेवलं, पलीकडे मैत्रिणीला बोट ठेवायला लावलं, आणि दोघींनी मोठ्यानं इलेक्ट्रॉन मोजले, बोटाखालून किती गेले ते. दोघींचे आकडे बरोबर जुळत गेले. मग ती त्या मुलांना म्हणाली, "हा खात असता तर तिकडं कमी निघाले असते की नै." मला हे कधी सुचलं नसतं. शेवटी मशीन बंद करून तिलाच प्रोजेक्टरजवळ उभं केलं, बोलली, अडखळत पण पूर्ण बोलली. ह्या वेळी दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारला तर चुकीचे हात अगदी थोडे होते, आणि त्यांना बाकीच्यांनीच समजावलं, मला बोलावं लागलं नाही.

प्रयोगवही सरांचं ऐकून त्या आठवड्यात खरे टॉर्चचे बल्बही आणले. मुख्याध्यापक मागच्या बाकावर येऊन बसले होते. तिथे एक गंमत झाली ज्यावर मी अडकलेय. स्क्रीनवर समांतर जोडणीत दुसरा बल्ब लावला तरी पहिला तसाच राहतो, जराही मंद होत नाही. खऱ्या सेलवर मात्र दुसरा बल्ब लावला की पहिला थोडा मंद झाला, सगळ्या गटांत. मुलांनी लगेच पकडलं, "मॅडम कॉम्प्युटर खोटं सांगतो." मुख्याध्यापक माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं सेलच्या आतही रोध असतो म्हणून, पण स्क्रीनवर हे दाखवता येईल का? आणि दुसरं, नेट नसताना हे सगळ्या मशीनवर कसं टाकू, आत्तापर्यंत माझ्या मोबाइलचं हॉटस्पॉट लावून चालवतेय, पॅक संपतो. मराठीत करता येतं का तेही सांगा, बटणांची इंग्रजी नावं वाचण्यात वेळ जातो.

प्रयोगवही

वा मॅडम! बोटं ठेवून मोजायची युक्ती मी ह्यापुढे सगळ्यांना सांगणार. आणि "कॉम्प्युटर खोटं सांगतो" म्हणणारी मुलं तयार झाली हे तर फारच छान, त्या मुलांना शाबासकी द्या माझ्याकडून.

ओहमचा_नियम

मॅडम, दाखवता येतं. त्या सिम्युलेशनमध्ये दोन पडदे आहेत, त्यातला लॅबवाला उघडा, उजवीकडे खाली प्रगत पर्यायांची पट्टी आहे ती उघडली की बॅटरीचा अंतर्गत रोध वाढवायची सरकपट्टी मिळते. सुरुवातीला तो शून्य असतो, म्हणजे आदर्श बॅटरी, म्हणून बल्ब मंद होत नाही. तो ३ ओहम करा. एका बल्बला बॅटरीच्या टोकांवर व्होल्टमीटर साधारण ६.९ दाखवेल, समांतर दुसरा बल्ब लावला की ५.६ वर येईल आणि दोन्ही मंद झालेले दिसतील, तुमच्या सेलसारखेच. मुलांना हे आकडे सांगू नका, त्यांनाच पट्टी सरकवत खऱ्या बल्बसारखं दिसेपर्यंत जुळवू द्या. जमलं तर खऱ्या सेलच्या टोकांवरही व्होल्टमीटर लावून दोन्ही वेळचं वाचन घ्या, त्यावरून सेलचा अंतर्गत रोध काढता येतो, नववीला जड जाईल पण दोन चार मुलं करतील.

नेटचं असं आहे की नवीन सगळी सिम्युलेशन्स एचटीएमएल५ मध्ये आहेत आणि प्रत्येकाची एक फाइल डाउनलोड करता येते, सिम्युलेशनच्या पानावरच डाउनलोडचं बटण असतं. घरी किंवा सायबर कॅफेत उतरवून घ्या, पेन ड्राइव्हवर टाका, प्रत्येक मशीनवर कॉपी करा, डबल क्लिक केलं की ब्राउझरमध्ये उघडतं, नेट लागत नाही. भाषांतरांच्या यादीत मराठी निवडून तिथून फाइल घेतली तर बटणं मराठीत येतील, सगळी सिम्युलेशन्स मराठीत नसली तरी बरीच आहेत. ब्राउझर मात्र जुनाट नको, मशीनवर जो आहे तो आधी अपडेट करून घ्या, आणि फाइल डेस्कटॉपवर न ठेवता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, मुलं डेस्कटॉपवरचं डिलीट करतात. जुनी जावा आणि फ्लॅशवाली सिम्युलेशन्स यादीत दिसली तर सोडून द्या, फ्लॅश तर २०२० च्या शेवटीच बंद झालं.

दहावीचं अपवर्तन कधी सुरू करताय? त्यालाही एक आहे, लेझरचा किरण पाण्यात, काचेत सोडून कोन मोजता येतो आणि अपवर्तनांक न सांगितलेली दोन गूढ माध्यमं पण दिलेली असतात, ती मुलांनी ओळखायची. सुरू कराल तेव्हा हाच धागा वर काढा, मी माझ्या मुलांना देतो ते प्रश्न टाकतो.